मदत हवी: बाबांच्या जुन्या कागदावर ‘एमआय’ लिहिलंय, म्हणजे हार्ट अटॅकच का?

वास्कोकर: बाबांच्या फाइलीत एक जुना कागद सापडला. त्यावर ‘एमआय’ आणि खाली ‘एनएडी’. विम्याचा एजंट म्हणतो, एमआय म्हणजे मायोकार्डियल इन्फार्क्शन, फॉर्मात दाखवावंच लागेल. आईला असलं काही आठवत नाही. संध्याकाळी फॉर्म द्यायचाय, लवकर सांगा.

मांडवीकाठ: कसला कागद? डिस्चार्ज कार्ड की ईसीजी? बाबांनाच विचारा की.

वास्कोकर: विचारलं हो. म्हणतात, परेडीत चक्कर आली होती, बाकी आठवत नाही.

यीस्टवाला: एनएडी म्हणजे निकोटिनामाइड अ‍ॅडेनिन डायन्यूक्लिओटाइड. पेशीत इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं को-एन्झाइम. १९०६ मध्ये हार्डन आणि यंग यांना यीस्टवर काम करताना त्याचा माग लागला.

मांडवीकाठ: त्यांचे बाबा यीस्ट नाहीत रे.

निवृत्त_सिग्नलवाला: परेड? मग हे आधी सांगायचं ना! बाब, एमआयच्या पुढे काय लिहिलंय?

नेव्हीतला: वास्को म्हणजे नेव्हीच असणार. आमच्याकडे जहाजावरच्या दवाखान्याला सिक बे म्हणतात.

वास्कोकर: बाबा आर्मीत होते, वास्कोला घर नंतर घेतलं. पुढे ‘आरएम’ आहे. शेवटी ‘एम अँड डी’ आणि ‘शेप वन’.

निवृत्त_सिग्नलवाला: मिटलं! एमआय रूम म्हणजे मेडिकल इन्स्पेक्शन रूम, युनिटचा दवाखाना. एनएडी म्हणजे तपासात दोष आढळला नाही. एम अँड डी, मेडिसिन अँड ड्युटी: गोळी घ्या नि कामाला लागा. शेप वन म्हणजे मन, कान, हातपाय, शरीर, डोळे, पाचही ठीक. अटॅक आला असता तर तुमच्या बाबांना ड्युटीवर धाडलं असतं होय? हॉस्पिटलात ठेवलं असतं, कॅटेगरी खाली गेली असती.

दोनापावलाकर: आमच्या संशोधन जहाजावरून सीटीडी पाण्यात सोडतात, विद्युतवाहकता, तापमान, खोली मोजायला. मावशीच्या केसपेपरवर तेच अक्षर दिसलं नि आम्ही सगळे चक्रावलो. तिथे कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज निघालं.

म्हापसेकर: लसूण सुरू करा. हृदयाला उत्तम.

मांडवीकाठ: हृदयाला काही झालेलंच नाही!

म्हापसेकर: मग होऊ नये म्हणून.

निवृत्त_सिग्नलवाला: लसूण राहू दे. एजंटला फॉर्म भरू देऊ नका. कागदाची प्रत घेऊन बाबांना डॉक्टरांकडे न्या, ईसीजी काढा, त्यांच्याकडून लिहून घ्या. शंका असेल तर आजची घाई सोडा.

वास्कोकर: एजंटला फोन केला. आता विचारतोय, ‘शेप’ म्हणजे लठ्ठपणा का?