प्रतिसाद: दीड वर्षापूर्वी उघडलेला गोंद वापरावा का?

दीड वर्षापूर्वी उघडलेला, मुदत संपलेला लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाचा पाच किलोचा डबा पलंगाच्या कामाला वापरावा का, असा प्रश्न आहे. डब्यावरची मुदत संपली म्हणून तो टाकून देऊ नका, पण न तपासता पलंगालाही लावू नका. ती मुदत बहुधा न उघडलेल्या, सावलीत ठेवलेल्या डब्याची असते.

आधी काडीने तळापासून ढवळा. वर नुसती साय असेल तर ती काढून टाका, खालचा गोंद चांगला असू शकतो. पण काडी उचलल्यावर तार सुटत असेल, ढवळूनही गुठळ्या मोडत नसतील किंवा आंबूस कुबट वास येत असेल, तर तो गेला. पाणी घालून पातळ होईल, ताकद परत येणार नाही. माझ्या एका स्टुलाचा सांधा अशाच पाणी घातलेल्या गोंदामुळे पहिल्याच पावसाळ्यात सुटला, तेव्हापासून मी हा मोह टाळतो.

शंका असेल तर सागाचे दोन तुकडे चिकटवून, शिकंजात आवळून एक दिवस ठेवा आणि छिन्नीने फोडा. लाकडाचे तंतू उपटून आले तर गोंद बिनधास्त वापरा. गोंदाच्या रेषेवरच स्वच्छ सुटलं तर डबा बाद.

साठवताना गच्चीवरची खोली आणि पत्र्याची शेड टाळा, उन्हाळ्यात तिथे गोंद लवकर घट्ट होतो. फ्रीजरमध्ये तर मुळीच नको, गोठला की फाटतो. लोखंडी डब्यातही ओतू नका, गंज मिसळला की सागावर काळे डाग पडतात. मी रोजच्यापुरता गोंद छोट्या बाटलीत काढतो, मोठ्या डब्यात गोंदाच्या पृष्ठभागालाच प्लास्टिकचा कागद चिकटवून झाकण लावतो. वाटीत उरलेला परत डब्यात ओतत नाही.