मदत हवी आहे: 'माझ्या नावाची गोष्ट' भिंतीवर लावू की नको?

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. सध्या वर्गात 'माझ्या नावाची गोष्ट' चाललीय. घरी विचारून यायचं: नाव कुणी ठेवलं, बारशाला कानात कुर्रर्र कुणी केलं, आत्याच्या पाठीत धपाटे किती पडले. मग मोठ्या अक्षरांत नाव काढून अक्षरांच्या पोटात चित्रं. एका शंभूने 'श'मध्ये शिंगणापूरची कावड काढलीय, मुंगी घाटासकट! 'स्वरा' नावाच्या सगळ्या मुलींची गोष्ट मात्र एकच, मालिकेत नाव आवडलं. असो.

अडलंय ते असं. एका मुलीने लिहिलंय, "माझं नाव आईने ठेवलं. आईचं नाव नकुसा. तिच्या घरी मुलगा पाहिजे होता. म्हणून आईने माझं नाव खूप दिवस शोधलं." खाली मोबाईलमध्ये नावं बघत बसलेली आई.

2011 साली आपल्या सातारा जिल्ह्यात 285 नकुसांना, म्हणजे 'नकोशी' म्हणून हे नाव पडलेल्या मुलींना, नवी नावं मिळाली होती. या मुलीच्या आईच्या आधारवर अजून जुनंच आहे. शनिवारी पालकसभा. गोष्ट लावली तर गावासमोर त्यांना कसं वाटेल? नाही लावली तर पोरगी विचारणारच, माझीच का नाही?

जाता जाता, अक्षरं कापताना घोटीव कागद फाटतो. जोडाक्षरांचा तर पार चोथा. काही युक्ती?

प्रतिसाद १
मॅडम, आधी आईला एकटीला बोलावून लेकीचं लिखाण दाखवा. लावायचं की नाही ते तिला ठरवू दे. तुम्ही परस्पर नाव खोडू नका, ते फार वाईट दिसेल. ती नको म्हणाली तर पोरीला विचारून नुसतं चित्र लावा. आणि पुढच्या वर्षी 'तुला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते' हाही पर्याय द्या. मामाकडे, आजीकडे राहणारी पोरं घरच्या प्रश्नाला गप्प बसतात.

प्रतिसाद २
कागदाचं सांगतो. कार्डशीटला आडवी घडी घाला, शिरोरेषा बरोबर घडीवर येऊ द्या. अक्षरं जाड काढून कडेकडेने कापायची, घडी कापायची नाही. सगळी अक्षरं घडीला लटकून राहतात, सुटी होत नाहीत. उघडलं की नाव आणि वर त्याचं उलटं रूप. डोळे-मिशा काढल्या की झाला किडा! वेलांट्या, मात्रा मागाहून चिकटवा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. उद्या मधल्या सुट्टीत त्यांना बोलावते. कार्डशीट दहिवडीहून आणावं लागेल, इथल्या दुकानात घोटीवच मिळतो.