काठिण्य गडाला नको, वाटेला लावा

तुमच्या टीमने ट्रेक, राफ्टिंग अशा साहसी सहलींच्या ॲपचा जो आराखडा केलाय, त्यात पहिल्याच स्क्रीनवर बुकिंग आणि फोटो आहेत; ते नंतर करा हो, आधी प्रत्येक वाट किती कठीण ते दाखवा. हरिश्चंद्रगडाचंच घ्या. पाचनईची वाट नवख्यालाही जमते, नळीच्या वाटेला कातळ चढायची तयारी हवी, आणि तुमच्याकडे अख्ख्या गडावर ‘मध्यम’ असा एकच शिक्का! नकाशा घरूनच डाउनलोड करता आला पाहिजे, कड्याखाली रेंज कुठली? कोलाडच्या राफ्टिंगची वेळ तर वीजनिर्मितीनंतर सुटणाऱ्या पाण्यावर ठरते, तिथे ‘हवा तो स्लॉट निवडा’ चालायचं नाही. आयोजकाच्या नावापुढे पर्यटन संचालनालयाची नोंदणी दिसू द्या. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती लागतेच. रंगसंगती झकास जमलीय, फक्त ती फिकट राखाडी अक्षरं एकदा भर उन्हात वाचून बघा.