एडीएचडीवाल्यांचा उशीर: याला बेशिस्त म्हणायचं का?

मुग्धा_कोथरूड:
रविवारी घरी मोठं भांडण झालं, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. भावाच्या मुलीचं बारसं होतं. बाराला पाळण्यात घालायचं, आत्या मी एकटीच, म्हणजे कानात नाव मीच सांगायचं. आणि मी पोचले पाऊण वाजता. बाळ रडून रडून झोपलेलं, पाहुणे जेवायचे खोळंबलेले, आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला कोणाच्या वेळेची किंमतच नाही."

मी सहाला उठले होते. साडेदहाला साडी नेसून तयार होते. साडेअकराला निघायचं म्हणजे अजून तास आहे, तर कुंचीचे दोन-चार मोती निसटलेत तेवढे लावून टाकू म्हणून बसले आणि मान वर केली तर बारा वीस. मधले पावणेदोन तास कुठे गेले मला खरंच माहीत नाही. मी मोबाईल बघत नव्हते, आळस करत नव्हते, त्या बाळासाठीच काम करत होते.

माझं वय ३४, दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचं निदान झालं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं ज्यात जड जातं ती मेंदूची जन्मापासूनची ठेवण. माझ्याकडे वेळ दोनच प्रकारची आहे, 'आत्ता' आणि 'मग'. दहा मिनिटांनी, तासाने, पुढच्या गुरुवारी, हे सगळं त्या 'मग'मध्ये एकत्र पडलेलं असतं आणि एकदम 'आत्ता' होऊन अंगावर येतं. रसेल बार्कले म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी यासाठी टाइम ब्लाइंडनेस, म्हणजे वेळेचं आंधळेपण, हा शब्द वापरलाय, आणि ते म्हणतात की एडीएचडीत काय करायचं हे माणसाला माहीत असतं, माहीत असलेलं त्या त्या वेळी हातून होत नाही. मला घड्याळ वाचता येतं. वेळ सरकतेय हे आतून जाणवत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की याला बेशिस्त म्हणणं थांबवा. चष्मा लागलेल्याला आपण 'नीट बघ' असं ओरडतो का?

निवृत्त_गार्ड_भुसावळ:
मुली, वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला हे पटत नाही. मी ३६ वर्षं रेल्वेत गार्ड होतो, आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात. माझंही मन एका जागी टिकत नसे, शाळेत त्यापायी मास्तरांचा भरपूर मार खाल्ला, घरात आजही चष्मा शोधण्यात अर्धा दिवस जातो. पण ड्युटीवर कधी लेट साइन केलं नाही. गाडी कोणासाठी थांबत नाही हे एकदा मनावर बिंबलं की माणूस आपोआप सुधारतो. आमच्या काळी ही नावं नव्हती, कामं मात्र होत होती. नाव मिळालं की माणूस प्रयत्न सोडतो असं मला वाटतं आणि तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.

टीमलीड_हिंजवडी:
काकांशी सहमत. १४ जणांची टीम सांभाळतो. कामाला लागणारा वेळ कमी धरणं हा सगळ्याच माणसांचा दोष आहे, कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्याला प्लॅनिंग फॅलसी असं नावच दिलंय. मीही 'दोन दिवसात देतो' म्हणून आठवडा लावलाय. मग फरक काय राहिला? आणि खरी अडचण वेगळीच आहे, एकाला 'त्याचं तसंच आहे' म्हणून सूट दिली की उरलेले १३ जण त्याचं काम ओढतात, रात्री साडेदहाच्या क्लायंट कॉलला तेच बसतात. त्यांना समजून घ्या असं कोणी लिहीत नाही.

विशेषशिक्षिका_ठाणे:
फरक आहे आणि तो सांगायलाच हवा. सगळ्यांना कधीतरी होतं म्हणून कोणी निदान करत नाही. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलपणाची नऊ अशा दोन याद्या आहेत, १७ वर्षं आणि पुढच्यांसाठी त्यातल्या एका तरी यादीतली किमान पाच लक्षणं लागतात, ती सहा महिने तरी टिकलेली हवीत, घर, शाळा, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. टाइम ब्लाइंडनेस हा शब्द मात्र त्या निकषांत नाही. वेळेचं नियोजन न जमणं, डेडलाइन चुकणं एवढं आहे.

पण वेळ न जाणवणं हे थोतांड नाही. साधा प्रयोग असतो, दिवा काही सेकंद लावून ठेवतात आणि मग मुलाला सांगतात की तेवढाच वेळ बटण दाबून धर. एडीएचडी असलेली मुलं यात सरासरीने जास्त चुकतात. सरासरीने, हे नीट वाचा, काही मुलं अगदी बरोबर धरतात, म्हणून यावरून कोणाचं निदान होत नाही. माझ्या वर्गातल्या मुलाला 'पाच मिनिटात आवर' म्हटलं तर त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तेच लाल चकती कमी कमी होत जाणारं घड्याळ समोर ठेवलं की तो आवरतो, कारण आता वेळ त्याला डोळ्यांनी दिसते.

केतन_खारघर:
काका, राग मानू नका, एक विचारतो. माझे वडीलही रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे गाडीवर ड्युटी करणाऱ्यांत होते, मनमाडला क्वार्टर होती. लहानपणीचं मला पक्कं आठवतं, रात्री दोन-अडीचला कॉल बॉय सायकलवरून यायचा, कडी वाजवायचा, 'अमुक नंबरची गाडी, साडेचारला साइन ऑन' असं ओरडून सांगायचा आणि रजिस्टरवर सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. आई उठून चहा टाकायची, डबा भरायची, वडील निघायचे. तुमच्याकडेही असंच असणार ना? मग ती वेळ तुम्ही एकट्याने पाळली का? एक आख्खं खातं तुम्हाला उठवायला माणूस पाठवत होतं. मुग्धाताई तेच मागतायत, वेळ डोक्याबाहेर आणून ठेवा.

आणि नावं नव्हती असंही नाही. अशा मुलांबद्दल लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या डॉक्टरने १९०२ मध्येच व्याख्यानं दिली होती. आपल्यापर्यंत पोचली नाहीत एवढंच.

अश्विनी_नाशिक:
मला या कॉल बॉयबद्दलच बोलायचंय. तो पगारी माणूस होता. आमच्या घरी ११ वर्षं ते काम मी करतेय.

नवऱ्याला एडीएचडी आहे, मला शंका नाही, गोळी घेतली का हे रोज मीच विचारते. ती गोळीसुद्धा सहज मिळत नाही, मेथिलफेनिडेट हे तिचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांखाली विकायच्या औषधांच्या यादीत येतं, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि बरेच दुकानदार माल ठेवतच नाहीत, मग चार दुकानं फिरते कोण, तर मी. गाडीचा इन्शुरन्स, शाळेची फी, सासूबाईंची तपासणी, सगळ्या तारखा माझ्या डोक्यात. गेल्या महिन्यात मी बाहेरगावी होते आणि मुलगा शाळेच्या गेटवर ४० मिनिटं वॉचमनकाकांजवळ बसून राहिला. सात वर्षांचा आहे तो. रात्री मला विचारतो, "बाबा मला विसरला होता का?" मी काय सांगू त्याला? की बाबाला वेळ जाणवत नाही?

मुग्धा, तू म्हणतेस बेशिस्त म्हणू नका, बरं, नाही म्हणत. पण मग जे झालं त्याला काय म्हणायचं ते तूच सांग. तुझ्या आईने बाळ पाऊण तास झुलवलं असेल. पाहुण्यांना 'येतेच आहे, येतेच आहे' तिनेच सांगितलं असेल. तिचं बोलणं चुकलं असेल, तिचा राग चुकला नाही.

मुग्धा_कोथरूड:
अश्विनीताई, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. मी आईला फोन केला. ती खरंच पाऊण तास बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होती, तिचे गुडघे दुखतात. आणि साडेअकराला तिने मला फोन केला होता, मी 'हो हो निघतेच' म्हटलं होतं, मला तो फोन आठवतही नव्हता. तिला मी न विचारता कॉल बॉय करून टाकलंय, लग्नाआधीही आणि नंतरही, हे मला तुमचं वाचून कळलं.

उशिराला बेशिस्त म्हणू नका हे मी अजूनही म्हणेन. पण त्याची भरपाई दुसऱ्याने करायची हे गृहीत धरणं माझ्याकडून झालं आणि ते चूक होतं. गोळीने मला काम हातात घेता येतं, हे खरं, पण किती वाजले हे गोळी सांगत नाही. सोय मलाच करावी लागणार. स्वयंपाकघरात माझं कधी काही करपत नाही, कारण कुकर स्वतः शिट्ट्या मारतो, मला मोजत बसावं लागत नाही. तशा शिट्ट्या घरभर लावायच्यात. निघायच्या वेळेचा अलार्म निरुपयोगी आहे, तेव्हा मी कशात तरी बुडालेली असते. मी आता हातातलं काम खाली ठेवण्याचा, चपला घालण्याचा आणि दाराबाहेर पडण्याचा असे वेगवेगळे अलार्म लावतेय, आणि निघायच्या आधी दोन तास शिवण, पुस्तक, कपाट यातलं काहीही हातात घ्यायचं नाही असं ठरवलंय. सध्या पाचपैकी तीनदा जमतंय.

टीमलीड_हिंजवडी:
हे चालेल मला. माणूस स्वतः अशी सोय करत असेल तर मी त्याला रोज सकाळी पाच मिनिटांचा कॉल द्यायला तयार आहे. पण त्याने सांगायला हवं.

केतन_खारघर:
सांगणार कसं सर? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार दिलेत, ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. हातात कागद नसताना सांगितलं तर अप्रेझलला तेच वापरलं जाईल ही भीती असते. माझ्याबाबतीत तसं झालेलं आहे, आधीच्या कंपनीत.

निवृत्त_गार्ड_भुसावळ:
केतन, कॉल बॉय यायचा, खरं आहे. मी त्याचा असा विचार कधी केला नव्हता. पण त्यातली एक गोष्ट तू सांगितलीस तरी तुझ्या लक्षात आली नाही. ती सही. नुसती कडी वाजली तर मी 'हो' म्हणून परत झोपायचो, बायको सांगायची. सहीसाठी उठून दिवा लावायला लागायचा, चष्मा शोधायला लागायचा, तोवर झोप उडालेली असायची. मुग्धा, तुझे अलार्म अंथरुणातून किंवा बसल्या जागेवरून बंद होत असतील तर काही उपयोग नाही. घड्याळ दाराजवळ ठेव. आणि गाडी थांबत नाही हे मी मागे घेत नाही, मला त्या धाकाचाही उपयोग झाला.

अश्विनी_नाशिक:
काकांचं सहीचं मी घरी वाचून दाखवलं. नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की शाळेच्या वेळेचं मला तू फोन करू नकोस, मी वॉचमनकाकांनाच सांगतो, बाराला मला फोन करा आणि मी बाईकवर बसल्याचं ऐकल्याशिवाय ठेवू नका. स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलून आला, महिन्याला काहीतरी द्यायचंही ठरवलंय. मला अजून विश्वास वाटत नाहीये. उद्या साडेबाराला शाळा सुटते, मी ऑफिसात असेन, फोन ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे.