जुन्या क्रिकेट कार्डांचं ग्रेडिंग: एवढे पैसे घेता, तर कारण का लिहीत नाही?

वेंगुर्ल्याचा संग्राहक
सिगारेटच्या पाकिटातली जुनी क्रिकेट कार्डं अमेरिकेतल्या कंपन्यांकडे पाठवून ग्रेड, म्हणजे कार्डाच्या स्थितीला १० पैकी आकडा, लावून घ्यायची घाई आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. माझं मत स्पष्ट आहे. नव्या चकचकीत कार्डांना ही पद्धत चालेल, जुन्यांवर ती अन्याय करते.

ही कार्डं मुळात पाकीट दबू नये म्हणून आत घातलेला जाड कागद होता. मोठ्या तावावर छापायची आणि मग कापायची. कापताना ताव जरा सरकला की चित्र एका बाजूला जातं. हा दोष कारखान्यातला. कोपरा दुमडणं, घडी पडणं हा वापरातला. ग्रेड देताना दोन्ही एकाच आकड्यात कोंबतात. आजोबा बोटीवर होते, त्यांनी आणलेलं जॉन प्लेअर या सिगारेट कंपनीच्या १९३८ च्या मालिकेतलं ब्रॅडमनचं कार्ड मी एका कंपनीकडे पाठवलं. १० पैकी ३ मिळाले. कशामुळे, हे विचारलं तर उत्तर आलं की ग्रेड अंतिम आहे. फी, कुरिअर, विमा, परत येताना कस्टम, एवढं सगळं भरून माणसाला एक ओळ कारण मिळू नये?

चिपळूणचा विक्रेता
राग समजतो, पण तुम्ही विकणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. ब्रॅडमनच्या नव्याने छापलेल्या प्रती बाजारात भरपूर आहेत. मेलबर्नमधला गिऱ्हाईक मला ओळखत नाही, फोटोवरून कागदाचं वय त्याला कळत नाही. स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेड देऊन पारदर्शक प्लास्टिकच्या कडक डबीत बंद केलेलं कार्ड असेल तर तो निदान बोलायला तयार होतो. तुमचं ३ आलं, पण अस्सल म्हणून आलं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि चित्र सरकलेलं असेल तर पीएसए ही ग्रेडिंग कंपनी ग्रेडपुढे ‘ओसी’ (ऑफ सेंटर) लिहिते. म्हणजे तो फरक त्यांना कळत नाही असं नाही.

राजापूरकर
‘ओसी’ नको म्हटलं की तोच दोष आकड्यातून वजा होतो, हेही सांगा की.

आणि विश्वासाचं म्हणाल तर अमेरिकन बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी२०६ या सिगारेट-कार्ड मालिकेतलं कार्ड आठवा. १९९१ मध्ये पीएसएने ग्रेड केलेलं हे पहिलंच कार्ड, ग्रेड ८. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. २०१३ मध्ये लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यांनी कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला खरं तर आकडा मिळतच नाही. ज्या कार्डावर त्या कंपनीचं नाव उभं राहिलं त्याचीच ही गत, तर माझ्या कार्डाच्या ३ आणि ४ मधल्या फरकावर मी डोळे मिटून का विश्वास ठेवू?

चिपळूणचा विक्रेता
एका कार्डावरून सगळा धंदा खोटा ठरत नाही. २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं, ते एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या ९.५ ग्रेडवर. एवढे पैसे मोजणारे डोळे झाकून मोजत नाहीत.

मालवणची ताई
बाजारभावाचं तुम्ही बघा, मी घरातलं सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद ओलाच असतो. १९३० च्या दशकातल्या बऱ्याच इंग्लिश कार्डांना अल्बममध्ये चिकटवण्यासाठी मागे डिंक लावलेला असे. दमट हवेत तो पाघळतो आणि कार्डं एकमेकांना घट्ट धरतात. ओढून सोडवलीत की पाठीवरची माहिती गेलीच. माझ्या वडिलांची अर्धी कार्डं अशीच गेली, बाकीची कसरीने खाल्ली. म्हणून मला स्लॅब हवा, आकडा कितीही येऊ दे.

राजापूरकर
ताई, स्लॅब हवाबंद नसतो. ओल आत जाते. कार्डं सुटी प्लास्टिकच्या पाकिटात घालून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्या पावसाळ्याआधी बदला. त्यासाठी अमेरिका कशाला?

मालवणची ताई
पुड्या घातल्यात हो. पण घरात पोरं आहेत. स्लॅबमधलं कार्ड त्यांच्या हातात देता येतं. दोन्ही बाजू वाचतात, विचारतात की हा कोण, कुठचा. डब्यात ठेवलं की कोणी बघतच नाही.

देवगडचो
ताईंचा म्हणणा माका पटला. कार्ड बघूक मिळाला नाय तर ठेवून करतलास काय?

वेंगुर्ल्याचा संग्राहक
ताईंशी माझं भांडण नाही. माझी मागणी लहान आहे. नव्या कार्डांच्या स्लॅबवर बेकेट ही ग्रेडिंग कंपनी सेंटरिंग (चित्र मधोमध आहे का), कोपरे, कडा, पृष्ठभाग असे चार वेगळे आकडे छापते. म्हणजे हे करता येतं. मग सगळ्याच कंपन्यांनी जुन्या कार्डालाही तेवढं द्यावं. ‘चित्र डावीकडे, मागे डिंकाचा डाग’ एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळी काय पाठवायचं आणि काय नाही, हे मला ठरवता येईल.

चिपळूणचा विक्रेता
लिहायला वेळ लागतो. २०२१ मध्ये कार्डांचे ढीग इतके साचले की पीएसएला बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. कारणं लिहायला बसले तर फी आणखी वाढेल. द्याल?

वेंगुर्ल्याचा संग्राहक
देईन. कारणासकट आलेला ३ मला बिनकारणाच्या ५ पेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

चिपळूणचा विक्रेता
तुम्हाला असेल. माझं गिऱ्हाईक ५ च घेईल.