फ्रेंच शिकवायची इच्छा आहे. बोलताना अडखळते, तरी या पेशाचा विचार करावा का?

द्वितीयवर्ष: नमस्कार. मी विद्यापीठात फ्रेंच हा मुख्य विषय घेऊन शिकत आहे आणि पुढे हीच भाषा शिकवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. वाचन आणि व्याकरण यांत फारशी अडचण येत नाही. मात्र वर्गात बोलायची वेळ आली की वाक्य आधी मराठीत सुचते आणि त्याचे फ्रेंच होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अशा विद्यार्थिनीने अध्यापनाचा विचार करावा का? पदवीसोबत देल्फ ही फ्रेंच भाषेची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

परीक्षक१: देल्फ अवश्य द्यावी. ए१ ते बी२ या चार पातळ्या देल्फच्या असून सी१ आणि सी२ या त्यापुढच्या दाल्फ या परीक्षेच्या आहेत. खालच्या पातळ्या न देता थेट बी२ला बसता येते आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० लागतात, पण एकाही विभागात ५ पेक्षा कमी मिळाले तर बाकीचे गुण कामी येत नाहीत. त्यामुळे संभाषणाची तयारी टाळता येणार नाही.

जुनीशिक्षिका: मी फक्त शिकवण्याविषयी लिहिते. भाषा येणे वेगळे आणि शिकणाऱ्याचे नेमके कुठे अडते हे ओळखणे वेगळे. ‘मी चिठ्ठी लिहिली’ याचे फ्रेंच ‘झे एक्री यून लेत्र’ असे होते. परंतु ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणायचे झाले की ‘ला लेत्र क झे एक्रीत’ असे म्हणावे लागते, कारण ‘लेत्र’ स्त्रीलिंगी आहे आणि ते कर्म येथे क्रियापदाच्या आधी आले आहे. नियम पाठ असूनही विद्यार्थी तो शेवटचा ‘त’ हमखास गाळतात. अशा वेळी मी फळ्यावर ‘मी निबंध लिहिला’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिते. कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलणे मराठी भाषकाच्या अंगवळणी पडलेले असते. फ्रेंचमध्ये ते कर्म आधी आल्यावरच घडते, एवढेच मग सांगायचे उरते. आपल्याला वाक्य आधी मराठीत सुचते, ही बोलताना उणीव असेल, पण शिकवताना हेच आपले भांडवल ठरेल.

कानसेन: व्याकरणाबाबत ताईंचे म्हणणे पटते; उच्चारांत मात्र मराठीची सवय आड येते. आपण अनुस्वार पुढच्या व्यंजनाला जोडतो, म्हणून ‘बॉन्जूर’ म्हणताना स्पष्ट ‘न्’ उमटतो. फ्रेंचमध्ये तेथे केवळ नाकातून काढलेला स्वर असतो आणि जीभ टाळूला लागत नाही. हा फरक साधला नाही तर ‘चांगला’ या अर्थाचा ‘बों’ आणि ‘चांगली’ या अर्थाचा ‘बॉन’ ऐकताना एकच वाटतात. रोज दोन मिनिटे, आधी काहीही लिहून न काढता, बोलून ध्वनिमुद्रण करावे आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकावे.

द्वितीयवर्ष: सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज पहिले ध्वनिमुद्रण केले आणि त्यात तो ‘न्’ स्पष्ट ऐकू आला. प्रथम वर्षाच्या दोन मुलींनी शनिवारी व्याकरण समजावून मागितले आहे. चिठ्ठी आणि निबंधाचे उदाहरण त्यांच्यापुढे मांडून पाहीन आणि त्यांना काय अडले ते येथे कळवीन.