बेल्टवर चालणाऱ्या मोटरला बॉल बेअरिंग ठेवावे की रोलर?

प्रश्न (कुंडई, देखभाल विभाग):
कुंडई औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात १४५० आरपीएमची एक मोटर व्ही-बेल्टने ब्लोअर चालवते. तिच्या पुलीकडील ६३१२-२झेड/सी३ हे बॉल बेअरिंग (२झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक) वारंवार खराब होते. मडगावच्या विक्रेत्याने त्या जागी एनयू ३१२ हे रोलर बेअरिंग सुचवले असून दोन्हींची मापे ६० × १३० × ३१ मिलिमीटर हीच आहेत. हा बदल करावा का?

उत्तर १ (यांत्रिक अभियंता, डिचोली):
मापे जुळली म्हणून बेअरिंग जुळतेच असे नाही. बेल्ट शाफ्टला सतत एकाच बाजूला ओढतो आणि असा आडवा भार पेलण्याची एनयू ३१२ ची क्षमता बरीच जास्त असते, त्यामुळे विक्रेत्याचा सल्ला निराधार नाही. मात्र एनयूच्या आतल्या रिंगला कडा नसल्याने ते शाफ्टला मागेपुढे सरकण्यापासून मुळीच रोखत नाही. मागच्या बेअरिंगची बाहेरची रिंग कव्हरने घट्ट धरलेली नसून तिथे नुसती वेव्ह स्प्रिंग (बेअरिंगला हलका दाब देणारी लाटेसारखी कडी) असेल, तर शाफ्टला धरणारे कोणीच उरणार नाही. शिवाय एनयू उघडे असते, म्हणजे त्याला झाकण नसते आणि बाहेरून ग्रीस द्यावे लागते. मोटरला ग्रीस निपल आहे का, तेही पाहावे.

त्याआधी बेल्टचा ताण मोजा. बॉल बेअरिंगवरील भार दुप्पट झाला, की त्याचे गणिती आयुष्य एक अष्टमांश उरते. उलट रोलरवर पुरेसा भार नसेल, तर ते फिरण्याऐवजी घसरतात. दणकट बेअरिंग घातले की प्रश्न सुटला, हा समज आपल्याकडे फार आहे.

उत्तर २ (वेर्णा):
मोटरला व्हीएफडी (वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) आहे का? असल्यास जुने बेअरिंग कापून पाहावे. रिंगवर समान अंतराच्या आडव्या रेघा असतील, तर बेअरिंगमधून वीज वाहते आहे आणि मग इन्सुलेटेड (वीज अडवणाऱ्या) बेअरिंगचा विचार करावा लागेल.

प्रश्नकर्ता:
व्हीएफडी नाही, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर फक्त सुरू करून देणारा, वेग न बदलणारा) आहे. बेअरिंग कापून पाहिले: तशा रेघा नाहीत, पण बाहेरच्या रिंगचा पृष्ठभाग ब्लोअरच्या दिशेला सोलला गेला आहे. मागे वेव्ह स्प्रिंगच आहे.

उत्तर १ (यांत्रिक अभियंता, डिचोली):
म्हणजे बेल्टच्या ओढीच्या बाजूलाच धातूला थकवा आला आहे. मागे वेव्ह स्प्रिंग असल्याने एनयू चालणार नाही. ६३१२ च ठेवावे, ताण गेजने जुळवावा आणि नवे बेल्ट काही तास चालल्यावर तो पुन्हा तपासावा. पुली शाफ्टच्या खांद्याला भिडवून बसवा. ती जितकी बाहेर राहील, तितका बेअरिंगवरील भार वाढतो.

उत्तर ३ (फोंडा):
एक पुरवणी. २झेडचा पत्रा धूळ बरीचशी अडवतो, ओलावा नाही. चतुर्थीच्या सुट्टीत ऐन पावसाळी हवेत मोटर उभी राहते, तेव्हा बॉल रिंगला टेकतात तिथेच गंज धरतो. रबरी सीलचे २आरएस१ घ्यावे. १४५० आरपीएमला ते सहज चालते. सील घासून तापमान थोडे वाढते, म्हणून सी३ क्लिअरन्स मात्र सोडू नये.